काळमेघांचा टेप

सात पुडकी होती. सहा खाकी कागदाची, सातवं मांजरपाटाचं, आणि प्रत्येकावर लाखेची पाच सीलं. मी सीलं मोजली, नमुना सीलशी ताडून पाहिली आणि रजिस्टरात लिहीत गेले. एक : पांढरा सदरा, अर्ध्या बाह्यांचा, पाठीवर डाव्या बाजूला एक भोक आणि छातीवर एक. दोन : बनियन, त्याच जागी दोन भोकं. तीन : राखाडी पँट. चार : देशी कट्टा, नळीत अडकलेलं एक रिकामं काडतूस. पाच : सरकारी रिव्हॉल्व्हर, पाच जिवंत काडतुसं, एक उडालेलं. सहा : एक गोळी, टोकाला चपटी झालेली. सात : खांद्याला अडकवायची रेग्झिनची बॅग. तिच्यात चष्म्याचं घर, दोन बॉलपेनं, विमा कंपनीचं नेमणूकपत्र, जेवणाचा रिकामा डबा, कापसाचे नमुने भरलेल्या अकरा छोट्या पिशव्या आणि तीस मीटरचा एक मोजणीचा टेप.

ही १९९४च्या मार्चमधली गोष्ट. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या शस्त्र विभागात लागले त्याला सात महिने झाले होते. नोकरी पक्की व्हायला आणखी पाच महिने होते. पुडकी उघडून मोजायचं काम नव्या माणसाचं, म्हणून ते माझं.

पुडकी घेऊन आलेले हवालदार पुंडलिक तायडे समोरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पोच हातात पडेपर्यंत त्यांना हलता येत नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, बोलका. एस.टी.त पुडकी मांडीवर घेऊन चार तास कसे काढले, शेजारच्या बाईने 'लग्नाचा अहेर हाय का भाऊ' म्हणून कसं विचारलं, हे त्यांनी मला न विचारताच सांगितलं.

मी टेपची कडी धरून हातभर पट्टी बाहेर काढली, आकडे वाचता येतात का पाहिलं आणि मूठ फिरवून परत आत घ्यायला लागले. मूठ अडखळत होती.

"तो जाम हाय मॅडम," तायडे म्हणाले. "म्या गुंडाळला तवाच खरखर करत होता."

तुम्ही का गुंडाळलात, असं मी सहज विचारलं.

"पसरेल होता ना जी खाली. लंबा. पंचनाम्याले मोठे साहेब येणार, कोनाचा पाय अटकला म्हंजे? म्हनून गुंडाळला अन् टाकला बॅगीत. मुद्देमाल असा पसरेल बरा नाई दिसत."

मी मान हलवली आणि रजिस्टरात लिहिलं : टेप, एक, गुंडाळलेला, चालू स्थितीत. पोच दिली. तायडे नमस्कार करून गेले.

पुडक्यांसोबत फिर्यादीची प्रत होती. तालुक्याच्या गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी होती. जानेवारीत तिच्या गोदामाला आग लागून कापूस जळाला होता. लखन नावाचा फरारी दरोडेखोर त्या गोदामात लपला आहे अशी खबर मिळाली, म्हणून निरीक्षक रणपिसे दुपारी सव्वाचारला चार माणसं घेऊन तिथे गेले; त्यांतले तायडे जीपपाशी थांबले होते. फिर्यादीप्रमाणे, आत दोघे होते. पोलिसांना पाहताच लखनच्या साथीदाराने मागच्या भिंतीजवळून कट्ट्याने गोळी झाडली. रणपिसेंनी दारात उभं राहून स्वसंरक्षणार्थ एक गोळी झाडली. साथीदार मागच्या खिडकीवर चढायला वळला होता, गोळी त्याच्या पाठीत लागली. लखन त्याच खिडकीतून निसटला. साथीदाराला जीपमधून दवाखान्यात नेलं, वाटेतच तो गेला. तो पडला होता ती जागा नकाशात फुलीने दाखवली होती : मागच्या भिंतीपासून आठ फूट, दारापासून अंदाजे पन्नास फूट. माणूस आधीच हलवलेला असल्यामुळे ही फुली पंचांनी पाहिलेली नव्हती. ती रणपिसेंनी दाखवली, पंचांनी सह्या केल्या.

साथीदाराचं नाव मधुसूदन काळमेघ, वय त्रेपन्न, धंदा खाजगी चौकशी. शहरातल्या वर्तमानपत्रांना हा धंदा फार आवडला होता. 'गुप्तहेर की गुंडाचा हस्तक?' असा मथळा असलेला एक अंक आमच्या विभागात टेबलावर पडलेला मी पाहिला होता. काळमेघ विमा कंपनीसाठी आगीची चौकशी करायला गोदामात गेले होते, हे त्यांच्या घरच्यांचं म्हणणं. चौकशीच्या आडून ते लखनला निरोप पोचवत होते, हे पोलिसांचं. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली होती आणि तिला आमचा अहवाल हवा होता.

पोलिसांच्या पत्रात चार प्रश्न होते. कट्टा चालतो का? सदऱ्यावरचं भोक सदर रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं आहे का? गोळी किती अंतरावरून झाडली? चौथा प्रश्न प्रत्येक पत्रात असतो, तो छापलेलाच असतो : इतर काही उपयुक्त अभिप्राय असल्यास द्यावा. त्याचं उत्तरही आमच्याकडे जवळजवळ छापलेलंच असायचं : निरंक.

पहिले दोन प्रश्न दोन दिवसांत सुटले. कट्टा चालत होता. त्यातून शेवटची गोळी कधी सुटली, हे कुठल्याही चाचणीने सांगता आलं नसतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. चपटी गोळी त्या रिव्हॉल्व्हरचीच निघाली.

तिसऱ्यासाठी आम्ही गोळीबार केला. सदऱ्यासारख्याच कापडाचे तुकडे चौकटीत ताणून बसवायचे आणि त्याच रिव्हॉल्व्हरने, त्याच जातीच्या काडतुसाने सहा इंचांवरून, फुटावरून, दीड फुटावरून अशा गोळ्या झाडायच्या. जवळून झाडलेल्या गोळीबरोबर न जळालेल्या दारूचे कण येतात आणि भोकाभोवती बसतात. मी भिंगाखाली ते मोजत होते. सहा इंचांवर तीनशे बारा, फुटावर एकशे चाळीस, दोन फुटांवर एकोणीस, तीन फुटांवर एकही नाही. काळमेघांच्या सदऱ्यावर मी चारदा पाहिलं. एकही नाही.

"म्हणजे तीन फुटांपेक्षा जास्त," विभागप्रमुख मुळावकर सर म्हणाले. त्यांना निवृत्त व्हायला दीड वर्ष होतं आणि त्यांनी सही केलेला अहवाल कोर्टात कधी उलटला नव्हता. "चार फूट, पन्नास फूट, शंभर फूट. शर्टाला एवढंच माहीत आहे, निंभोरकर. त्याला जास्त बोलायला लावू नका."

त्यांनी मसुदा तयार करायला सांगितला. प्रश्न चौथा : निरंक. बुधवारी मी तो टंकलेखनाला दिला.

गुरुवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत शिपायाने सांगितलं की व्हरांड्यात एक बाई सकाळपासून बसल्या आहेत आणि त्यांना 'गोळीवाल्या मॅडम' हव्या आहेत. पक्षकारांना भेटायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी तेच सांगायला बाहेर गेले.

पुष्पलताबाई काळमेघ बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांच्या हातात दंडाधिकारी कार्यालयाचं समन्स होतं. मी नियम सांगितला, तो त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"मी तुम्हांला काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त हे वाचा."

समन्सवर लिहिलं होतं : मयत आरोपी मधुसूदन काळमेघ याची पत्नी.

"सगळीकडे असंच येतं आता. दवाखान्याच्या कागदावर, तहसीलच्या, परवा मुलीच्या कॉलेजात आलं त्याच्यावर. वीस वर्षं लोकांचं खरं-खोटं तपासलं यांनी. लग्नाआधीच्या चौकशीत एखाद्या मुलाकडचे दारुडे निघाले तरी मुलीच्या बापाला कागदावर 'दारुडे' लिहून द्यायचे नाहीत. म्हणायचे, मी पाहिलं तेवढं लिहितो, अमुक तारखेला अमुक दुकानातून अमुक बाटली घेतली. आणि यांच्या नावाआधी कोणी न पाहता हे लिहून टाकलं. मला काही भरपाई-बिरपाई नको. तो एक शब्द काढता येतो का, एवढंच."

मी म्हटलं, ते आमच्या हातात नाही. त्यांनी मान हलवली. मग उठता उठता त्यांनी विचारलं की यांची मोजमापं लिहायची वही मिळाली का. बॅगेत वही नव्हती. मी समन्सची घडी करून त्यांच्या हातात परत दिली, आणि त्यांना ते कळलं असावं.

"टेप तरी असेल," त्या म्हणाल्या. "असला तर नीट ठेवा बाई. भूमिअभिलेखात मोजणीदार होते ना आधी. साहेबाशी भांडून नोकरी सोडली, टेप नाही सोडला. दुसरं टोक धरायला माणूस घ्या म्हटलं तर म्हणायचे, माणूस ढिला धरतो, खिळा ढिला धरत नाही. जिथं जातील तिथं भिंतीत खिळा ठोकायचे, त्याला कडी अडकवायची आणि हे उलट पावली मागे-मागे. मी म्हणायची, एखाद दिवस असेच विहिरीत जाल." त्या किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "आणि गुंडाळताना फडक्यातून ओढून. अंगावरचा सदरा मळला तरी चालेल, टेप नाही. ओला टेप तर जन्मात गुंडाळला नसेल त्यांनी."

त्या गेल्या. मी आत येऊन डबा उघडला, आणि तायड्यांचा आवाज आठवला. पसरेल होता ना जी खाली. लंबा.

टेप लंबा पसरलेला होता, तर त्याचं दुसरं टोक कुठे होतं? आणि खिडकीवर चढून पळणारा माणूस, एका हाताने कट्टा झाडणारा माणूस, टेप उलगडत बसतो कशाला?

शुक्रवारी सकाळी मी कॉरिडॉर झाडून घेतला, वर्तमानपत्रं अंथरली आणि टेप उलगडला. शून्याची कडी दाराच्या कोयंड्याला अडकवली आणि मीही उलट पावली मागे गेले. सुरुवातीचे मीटर सहज आले. कापडी पट्टी पांढरी होती, तिच्यावर कुठे काजळी, कुठे जळक्या कापसाचे तंतू. चौदा मीटरच्या पुढे पट्टीच्या थरांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. चिकटलेलं कापड सुटताना जसा बारीक आवाज येतो तसा येत होता. मी प्रत्येक हातभर पट्टीला दहा मिनिटं दिली.

पंधरा मीटर नव्वदच्या आसपास पहिला ठिपका होता. तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढा. मग दुसरा, मग पाच-सहा एकत्र. पुढे ते दाट होत गेले. सगळे पट्टीच्या वरच्या बाजूला होते. मी खडूने गट पाडून मोजले, एकशे त्रेचाळीस. सोळा मीटर शहाऐंशीवर एक रेघ होती, पट्टीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, पट्टीने आखल्यासारखी. रेघेच्या अलीकडे ठिपकेच ठिपके. रेघेच्या पलीकडे तिसाव्या मीटरपर्यंत पट्टी नवी वाटावी इतकी स्वच्छ. फक्त सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवर पुसट ठसे, ओला थर वर चढल्यावर उठतात तसे.

मी टेपची डबी उचलून पट्टी बाहेर येते ते तोंड पाहिलं. त्याच्या कडेवरही तपकिरी होतं. रेघ त्या तोंडाची होती. रक्त उडालं त्या क्षणी टेप सोळा मीटर शहाऐंशी सेंटिमीटर बाहेर होता, उरलेला डबीत होता. आणि रक्त वाळायच्या आत कोणीतरी तो गुंडाळला होता.

दोन ठिपके मी जीवशास्त्र विभागाकडे पाठवले आणि उत्तर आल्यावर टेप पुन्हा अंथरून सरांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून कॉरिडॉरभर वाकून चालले, जाताना एकदा, येताना एकदा.

"गोळी पाठीतून शिरून छातीतून बाहेर आली," मी म्हटलं. "टेप त्याच्या पुढ्यात छातीच्या उंचीवर ताणलेला होता. तो मोजत होता सर."

"रक्त कोणाचं?"

"जीवशास्त्र विभागाकडे दोन ठिपके दिले होते. गट काळमेघांच्या सदऱ्यावरच्या रक्ताचाच आला, बी."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग त्यांनी विचारलं की टेपबद्दल पत्रात प्रश्न आहे का. मी नाही म्हटलं. तर मग आपण उत्तर कशाचं देणार, असं ते म्हणाले, रागाने नाही. विचारलं तेवढंच लिहायचं, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. न विचारलेलं लिहिणारा तज्ज्ञ पक्षकार होतो आणि त्याला कोर्टात पहिल्या पाच मिनिटांत फाडतात, हेही. माझ्या नोकरीचा कागद त्यांच्याच टेबलावरून जाणार होता. त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही, मीही नाही.

मी पत्र आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

त्यांनी तो छापील मजकूर वाचला. मला वाटतं, नोकरीत पहिल्यांदाच वाचला असावा.

"हे विचारलंय," ते म्हणाले. "खरंच विचारलंय की." मग खुर्चीत मागे टेकले. "पण निंभोरकर, सोळा मीटर शहाऐंशी कुठून? शून्य कुठे होता? दाराला कडी अडकवून, दाराकडे पाठ करून तो मागच्या भिंतीकडे चालला असेल, तर रणपिसे म्हणतात तिथेच तो येतो. मागच्या भिंतीला अडकवून दाराकडे आला असेल, तर नाही. शून्य माहीत नसेल तर हा आकडा म्हणजे नुसता आकडा."

ते खरं होतं. गोदाम साठ फुटांचं होतं. नुसत्या टेपने पोलिसांची गोष्ट जितकी खोटी ठरत होती तितकीच खरीही ठरू शकत होती. कडीवर गंज आणि चुना होता, म्हणजे ती भिंतीतल्या खिळ्याला लागली होती. पण भिंती चार होत्या.

सरांनी त्या दिवशी दंडाधिकाऱ्यांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी घटनास्थळाची मोजणी आवश्यक आहे, टेप उचलणाऱ्या कर्मचाऱ्यास हजर ठेवावे. मसुदा टंकलेखनातून परत मागवला.

तायडे मोजणीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत आले. दुसऱ्या एका गुन्ह्याची पुडकी आणली होती. ती देऊन झाल्यावर ते बाकावर बसून राहिले. पोच हातात होती तरी उठेनात.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमाले त्या दिशी म्या जे बोललो, ते लिहून ठेवलं काय?"

मी सांगितलं की नाही, ऐकलेलं आम्ही लिहीत नाही.

"साहेब म्हनते, टेप बॅगीतच होता. पयल्यापासून. मले म्हनते, तायडे, तू बुढा झाला, तुले याद नाई राहत." ते टोपीच्या आतल्या पट्टीवरून बोट फिरवत होते. "चार वर्सं राह्यली माही. म्या तो टेप नसता गुंडाळला तर बरं झालं असतं का वाईट, तेच समजून नाई राह्यलं."

त्यांनी तो गुंडाळला नसता, तर पंचनाम्याला आलेल्या मोठ्या साहेबांना तो पसरलेला दिसला असता. किंवा त्याआधीच कोणीतरी तो फेकून दिला असता. ओला गुंडाळून बॅगेत टाकला, म्हणून ती रेघ थरांच्या आत जपली गेली. हे त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता आलं नाही. शून्याचं टोक कुठे होतं, हे विचारायची फार इच्छा झाली. ते मी विचारलं नाही. तिथे, सगळ्यांसमोर विचारलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही गोदामापाशी पोचलो. दंडाधिकाऱ्यांच्या वतीने नायब तहसीलदार, दोन नवे पंच, निरीक्षक रणपिसे, सर आणि मी. तायडे सगळ्यांच्या मागे. पुष्पलताबाई आणि त्यांची मुलगी रस्त्यापलीकडे बाभळीखाली उभ्या होत्या. त्यांना आत यायची परवानगी नव्हती.

गोदामाला पुढे मधोमध एकच मोठं दार होतं, लाकडी, जळून अर्धं राहिलेलं. आतली जमीन जळक्या कापसाच्या थराने आणि आग विझवताना मारलेल्या पाण्याने काळी घट्ट झाली होती, तिच्यावर कुठलाच डाग वेगळा ओळखू आला नसता. मागच्या भिंतीत उजवीकडे खिडकी होती. खिळे मी मोजले. मागच्या भिंतीत दाराच्या बरोबर समोर, छातीच्या उंचीवर एक. दाराच्या चौकटीत तीन, जुने. डाव्या भिंतीत एक, उजव्या भिंतीत एकही नाही.

रणपिसे धिप्पाड, नीटनेटके आणि अदबीने बोलणारे होते. त्यांनी मला 'ताई' म्हटलं आणि खाली घसरतं आहे, जपून या, असं सांगितलं. मग फुलीची जागा दाखवली, मागच्या भिंतीपासून आठ फूट. आपण दारात कुठे उभे होतो तेही दाखवलं. त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळ नव्हती. नायब तहसीलदारांनी टेपबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की टेप बॅगेत होता, बॅग मयताच्या खांद्याला होती, रक्त झिरपून आत गेलं असेल.

"झिरपलेलं रक्त ठिपक्याठिपक्यांनी जात नाही," सर म्हणाले. "आणि सरळ रेघेत थांबत नाही."

नायब तहसीलदार तरुण होते, त्यांना उन्हाचा त्रास होत होता आणि हे लवकर संपावं असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी कागदावर पाहून तायड्यांचं नाव घेतलं. बॅग तुम्ही उचलली ना? तायडे म्हणाले, हो जी. टेप बॅगेत होता का बाहेर?

तायड्यांनी टोपी काढून काखेत धरली. रणपिसे त्यांच्याकडे पाहतही नव्हते, ते दाराबाहेर रस्त्याकडे पाहत होते. पंचांपैकी एकाने खाकरून घसा साफ केला.

पुढचं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. महिन्याभरात तायड्यांची बदली मुख्यालयात झाली आणि मुद्देमाल गहाळ केल्याच्या एका जुन्या प्रकरणात त्यांची विभागीय चौकशी निघाली. उरलेली चार वर्षं त्यांनी तिच्या तारखांना हजर राहण्यात काढली. रणपिसेंवर खटला भरायची परवानगी सरकारकडे मागायला तीन वर्षं लागली आणि सरकारला ती नाकारायला आणखी दोन. लखन मध्येच कुठेतरी दुसऱ्या राज्यात पकडला गेला. आपण त्या गोदामात कधी गेलोच नव्हतो, असं त्याने जबाबात सांगितलं, पण दरोडेखोराचा जबाब म्हणून तो कोणी धरला नाही. माझी नोकरी पक्की झाली, पाच महिन्यांऐवजी सतरा महिन्यांनी. दंडाधिकाऱ्यांनी चौकशीचा निकाल दिला तेव्हा त्यात 'मयत आरोपी' हे शब्द नव्हते, 'मयत' एवढंच होतं. पुष्पलताबाईंनी त्याची प्रत मला टपालाने पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती.

"टेप, हवालदार," नायब तहसीलदार पुन्हा म्हणाले.

तायड्यांनी माझ्यापुढे हात केला. मला क्षणभर कळलं नाही. मग मी प्रयोगशाळेचा नवा पोलादी टेप त्यांच्या हातात दिला. ते डबी माझ्याकडे ठेवून नुसती कडी धरून निघाले. काळ्या जमिनीवरून त्यांचे बूट करकर वाजत होते. ते डाव्या भिंतीकडे वळले नाहीत, दाराच्या चौकटीपाशी थांबले नाहीत. मागच्या भिंतीपर्यंत गेले, छातीच्या उंचीवरच्या खिळ्याला त्यांनी कडी अडकवली आणि ती निसटू नये म्हणून वरून अंगठा दाबून धरला.

"अथून काढला होता म्या," ते म्हणाले. "याच खिळ्याले होता. अन् डबी तिकडं, दाराजवळ पडेल होती. मानूसही तिकडंच होता."

रणपिसे म्हणाले की हा माणूस प्यालेला दिसतो. नायब तहसीलदारांनी पंचांना ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं, आणि तायड्यांचंही.

मी टेप उलगडत मागे-मागे गेले. पट्टी ताणली, सरांनी खाली वाकून उंबरठ्याच्या आतल्या कडेवरचा आकडा वाचला. मग मला बाजूला करून स्वतः ताणून पुन्हा वाचला. मग नायब तहसीलदारांना वाचायला लावला. तिन्ही वेळा तोच आला. मी तो पाटीवर लिहिला, त्यातून टेपवरच्या रेघेचा आकडा वजा केला, आणि दोन्ही पंचांच्या सह्या झाल्यावर अहवालाच्या कागदावर प्रश्न चौथा याच्यापुढे उतरवला.

खिळ्यापासून उंबरठ्यापर्यंत : १८.३२ मीटर. रक्त उडालं तेव्हा खिळ्यापासून टेपच्या तोंडापर्यंत : १६.८६ मीटर. टेपच्या तोंडापासून उंबरठ्यापर्यंत : १.४६ मीटर (सुमारे पावणेपाच फूट).